मुरगावचा छापा गणितात बसवताना: कामाच्या नोंदी

१४ जून

तिसऱ्या वर्षाला ओआर (ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे कामांचं नियोजन गणिताने करण्याची विद्या) शिकवून बारा वर्षं झाली. वाहतूक समस्या, असाइनमेंट, सिम्प्लेक्स. खाणीवरचे ट्रक जेटीला कसे पाठवायचे हे आमची मुलं झोपेतही सोडवतील. (मध्ये खाणी बंद पडल्या, उदाहरण चालूच राहिलं.) ही विद्या दुसऱ्या महायुद्धात वाढली, हे पुस्तकाच्या पहिल्या परिच्छेदात असतं आणि तो परिच्छेद परीक्षेला येत नाही. यंदा प्रकल्पाला युद्धच घ्यायचं ठरवलं. तेही मोठ्या फौजांचं नाही, मूठभर माणसांच्या छाप्याचं. पाणबुड्यांच्या शोधात हजारो फेऱ्या असतात, सरासरी काढता येते. छापा एकदाच होतो. तिथे आपली हत्यारं कितपत चालतात ते बघायचं.

तीन विद्यार्थी आले. मी त्यांना गावाच्या नावानेच हाक मारतो: वाळपईचा, साखळीची, वास्कोची. इथेही तीच नावं ठेवतो.

घटना घरचीच निवडली: मुरगाव बंदर, ९ मार्च १९४३ची पहाट. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवा तटस्थ. युद्धाच्या सुरुवातीच्या काळापासून बंदरात जर्मनांची एहरेनफेल्स, ड्राखनफेल्स, ब्राउनफेल्स आणि इटलीचं आन्फोरा अशी चार व्यापारी जहाजं अडकून पडलेली. ब्रिटिशांना संशय, की एहरेनफेल्सवर वायरलेस आहे आणि मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर त्यावरून पाणबुड्यांना जाते. तटस्थ बंदरात फौज घालता येत नाही. म्हणून त्यांच्या गुप्त मोहिमांच्या संघटनेने कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या राखीव पलटणींमधले अठरा हौशी शिपाई गोळा केले. पोटं सुटलेले, नोकरीधंदा सांभाळून कवायत करणारे गृहस्थ. फीबी नावाचा गाळ वाहणारा बार्ज कलकत्त्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने आला आणि हे लोक रात्री एहरेनफेल्सवर चढले. जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. खलाशांनी आपलंच जहाज बुडवलं. ते बघून बाकी तिन्ही जहाजांवरच्यांनीही आपापली जहाजं बुडवली. छापा घालणाऱ्यांपैकी कुणी मेलं नाही.

प्रश्न साधा लिहिला: हा छापा दहा हजार वेळा घातला असता तर किती वेळा साधला असता?

२२ जून

पहिली आवृत्ती स्प्रेडशीटवर. कल्पना दोन घड्याळांची. एक छापेकऱ्यांचं: शिडी लावणे, चढणे, वायरलेसची खोली गाठणे. दुसरं जहाजावरच्यांचं: जाग येणे, सावध होणे, तळाच्या झडपांपाशी पोचणे, पाणी आत सोडणे. पहिलं आधी संपलं तर यश. प्रत्येक टप्प्याला कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त असे तीन आकडे, त्यावरून त्रिकोणी वाटप (मधल्या आकड्याला सगळ्यात जास्त वजन), आणि मॉन्टे कार्लो, म्हणजे दर वेळी नवे फासे टाकून छापा पुन्हा पुन्हा चालवायचा आणि यश मोजायचं.

उत्तर आलं ९७ टक्के. वाळपईचा खूश. मी फळ्यावर लिहायला वळलो, परत बघतो तर ९६. सेल टिचकवला, ९८. यादृच्छिक आकड्याचं सूत्र प्रत्येक हालचालीला नव्याने फासे टाकतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. अर्धा तास मुलं 'बदललेलं उत्तर' कुठल्या बदलामुळे आलं ते शोधत बसली. बदल काहीच नव्हता. त्याच संध्याकाळी सगळं पायथनमध्ये हलवलं आणि सुरुवातीचं बीज कायम केलं, म्हणजे दर वेळी तेच फासे पडतात. करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हेच करा, स्प्रेडशीटच्या नादी लागू नका.

२९ जून

९७ टक्क्यांवर माझा विश्वास नव्हता, पण चूक सापडत नव्हती. शेवटी साखळीची म्हणाली, "सर, नुसती सरासरी नको, प्रत्येक टप्प्याचा आलेख काढूया." काढला. जागं व्हायला जास्तीत जास्त दहा मिनिटं दिली होती आणि आलेखात बारा-तेरा मिनिटं घेणारे खलाशी दिसत होते. त्रिकोणी वाटपाच्या उलट सूत्रात दुसऱ्या तुकड्यात वजा हवा होता, मी अधिक लिहिला होता. जर्मन खलाशी कुंभकर्ण झाले ते माझ्या चिन्हामुळे. दुरुस्तीनंतर ८८.

गेलेला वेळ: एक आठवडा. आलेख आधी काढला असता तर दहा मिनिटं.

६ जुलै

वास्कोला गेलो, तात्यांकडे. तात्या म्हणजे माझ्या बायकोचे मामा. तीस वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते, आता बायणाला राहतात. कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, आणि म्हणाले, "जावईबापू, तुमचं दुसरं घड्याळ सुरू कधी होतं?"

"माणसं डेकवर चढली की."

"आणि त्याआधी बार्ज येऊन जहाजाला टेकतो तेव्हा रखवालदार काय भजन करतो?"

चूक मोठी होती. जहाजावरच्यांचं घड्याळ पहिल्या संशयापासून सुरू व्हायला हवं. बार्ज जवळ येतो, इंजिनाचा आवाज होतो, लोखंडाला लोखंड घासतं. हा सगळा वेळ मी छापेकऱ्यांना फुकट देऊन टाकला होता.

मग झडपांवर आले. मी झडप उघडणे हा एकच टप्पा धरला होता, पाच ते पंधरा मिनिटांचा. तात्यांनी चहाच्या कपाखालच्या कागदावर चित्र काढलं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात, त्या पाइपवर जहाजाच्या तळाशी झडप असते. नुसती झडप उघडली तर पाणी पाइपातच राहतं. आतल्या गाळणीचं झाकण काढलं तरच समुद्र थेट इंजिनरूममध्ये शिरतो. झाकणाचे बोल्ट सोडायला वेळ लागतो. "पण साडेतीन वर्षं बंदरात बसलेला माणूस बोल्ट आवळून ठेवील होय? दोन बोल्टांवर झाकण आणि पाना बाजूला टांगलेला. मी असतो तर तेच केलं असतं."

म्हणजे हा टप्पा पंधरा मिनिटांचा नाही, दोन-तीन मिनिटांचा. आवृत्ती तीन: ६१ टक्के.

निघताना त्यांनी आणखी एक काडी टाकली. "जहाज बुडालं म्हणजे तुमच्या गणितात छापा फसला ना? मग ब्रिटिश घरी जाऊन रडले का?"

१३ जुलै

त्या वाक्याने आठवडा खाल्ला. आम्ही 'यश' म्हणजे झडपा उघडण्याआधी जहाज ताब्यात येणे असं धरलं होतं. प्रत्यक्षात जहाज बुडालं, एकाऐवजी चार बुडाली, आणि वायरलेस गप्प झाला. आमच्या प्रोग्रामच्या हिशेबाने ९ मार्चचा खरा छापा अपयशी होता.

वर्गात मी नेहमी एक उदाहरण सांगतो आणि स्वतः मात्र विसरलो. महायुद्धात ब्रिटिशांनी भूमध्य समुद्रातल्या व्यापारी जहाजांवर विमानविरोधी तोफा बसवल्या. हिशेब झाला, तर हल्ला करणाऱ्या विमानांपैकी जेमतेम ४ टक्के पडत होती. तोफा काढून घ्याव्यात असं ठरत आलं होतं. मग कुणीतरी दुसरा आकडा बघितला: तोफा असलेल्या जहाजांपैकी हल्ल्यात साधारण १० टक्के बुडत होती, नसलेल्यांपैकी २५. विमानं पाडणं हे तोफांचं काम नव्हतंच, जहाज वाचवणं हे होतं. मोर्स आणि किंबल या दोघा अमेरिकनांनी ही गोष्ट लिहून ठेवली आहे.

तेव्हा मोजमापं तीन केली. अ: जहाज चालतं ताब्यात. आ: वायरलेस कायमचा बंद, मग कसाही होवो. इ: हिंदी महासागरात जहाजं बुडण्याचं प्रमाण कमी. 'इ' तूर्त बाजूला. त्याच प्रोग्रामवर 'अ' ६१ आणि 'आ' ९४. एकाच रात्रीचे हे दोन आकडे! आता इथून पुढे कुणी मला नुसते 'यशाची शक्यता अमुक टक्के' म्हणालं, तर मी आधी 'कशाचं यश' ते विचारणार.

२० जुलै

शिडीचा प्रयोग. चढायला किती वेळ लागतो हे अंदाजाने लिहिलं होतं, म्हटलं मोजून बघू. आमच्या माडांवर चढणाऱ्या पाडेलीकडून बांबूची शिडी मागून आणली, अनामत ५०० रुपये. घराच्या गच्चीला लावली. उंची पाच मीटर, पाठीवर पुस्तकांची दहा किलोची पिशवी.

उजेडात वाळपईचा १३ सेकंद, वास्कोची १७. डोळ्याला पट्टी बांधून वाळपईचा ३४. तिसऱ्या फेरीला पावसाने बांबू बुळबुळीत झाला, त्याचा पाय सुटला आणि एक पायरी मोडली. तो लोंबकळला, उतरला, हसला. माझ्या पोटात गोळा आला. प्रयोग तिथेच बंद. असं काही करणार असाल तर खाली गादी घाला आणि पावसाळा टाळा. मुलांच्या पालकांना काय सांगणार होतो कोण जाणे.

रात्री आकडे भरताना लक्षात आलं, की वीस वर्षांच्या पोरांचे आकडे घेऊन मी पन्नाशीला टेकलेले गृहस्थ जहाजावर चढवतोय. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विचारलं. चाळिशीपुढचे सात सहकारी, सातांचेही गुडघे अचानक दुखायला लागले. शेवटी मीच चढलो. वय ५१, उजेडात, मोडकी पायरी सोडून: ४९ सेकंद. वर पोचल्यावर लढायला मी उपयोगाचा नव्हतो, तो वेळ प्रोग्राममध्ये वेगळा घातला.

शिडी अरुंद, एका वेळी एकच माणूस. म्हणजे अठरा जणांची रांग. यातून पुढे कामाला आलेली एक गोष्ट निघाली: माणसं १८ ची ३० केली तर 'अ' वाढत नाही, किंचित घटतो. शेवटचा माणूस वर येईपर्यंत दुसरं घड्याळ संपलेलं असतं. शिड्या दोनच्या चार केल्या तर मात्र फरक पडतो.

३ ऑगस्ट

बार्ज ओळखला जाण्याची शक्यता. इथे मी हुशारी करायला गेलो. बर्नार्ड कूपमनचा शोधाचा सिद्धांत आहे, महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी अमेरिकन नौदलाकरता बसवलेला. शोधणाऱ्याचा वेग, त्याच्या नजरेची रुंदी, वेळ आणि एकूण क्षेत्रफळ यांवरून सापडण्याची शक्यता काढतात. सुंदर सूत्र आहे. झुआरीच्या मुखाचं क्षेत्रफळ नकाशावरून मोजलं, आकडे घातले, २० टक्क्यांच्या आसपास आलं. छान दिसलं म्हणून ठेवून दिलं.

दोन दिवसांनी वास्कोची म्हणाली, "पण सर, रखवालदार कुठे फिरतोय? तो एकाच जागी बसलाय. बार्ज त्याच्याकडे येतोय." बरोबर. ते सूत्र भटकत शोधणाऱ्याचं. इथे लक्ष्य स्वतःहून चालून येतं आणि प्रत्येक मिनिटाला मोठं दिसत जातं. ते काढून साधी रीत घातली: रखवालदार काही मिनिटांनी एकदा नजर टाकतो, आणि अंतर घटतं तशी प्रत्येक नजरेची पकड वाढते.

मग आम्ही असंही धरलं, की मुरगावात बार्ज म्हणजे गावातला कावळा, दिसला तरी संशय कुणाला येणार? तात्यांनी फोनवरच कान उपटले. खनिजाच्या बार्जांची रांग आज दिसते, पण तो धंदा फोफावला महायुद्धानंतर. १९४३ साली रात्री आत येणारा बार्ज नेहमीचा नव्हता. आपल्या डोळ्यांसमोरचं बंदर आम्ही ऐंशी वर्षं मागे ढकललं होतं.

तसाच दुसरा मूर्खपणा: रात्री किती दिसतं ते बघायला दोनापावलाच्या धक्क्यावर गेलो. समोर मुरगाव दिवाळीसारखं उजळलेलं. आजच्या दिव्यांवरून तेव्हाचा अंधार कसा मोजणार? पेट्रोल ४०० रुपये, भजी १२०.

१० ऑगस्ट

आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला दिवस, आणि श्रेय माझं नाही.

छाप्याला दोन गोष्टी अनुकूल हव्यात. रात्र अंधारी हवी, आणि खलाशी किनाऱ्यावर गेलेले हवेत. त्या रात्री इंत्रूज (गोव्याचा कार्निव्हल) होता, बरेच खलाशी उत्सवाला उतरले होते असं सांगतात. मी आधी तारखाच पडताळल्या. १९४३चा ईस्टर २५ एप्रिलला, म्हणजे येऊ शकतो तितका उशिरा. त्यातून ४७ दिवस वजा केले की इंत्रूजचा शेवटचा मंगळवार येतो: ९ मार्च. जुळलं. चंद्राचं बघितलं. ४ फेब्रुवारी १९४३ला खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. साडेएकोणतीस दिवस पुढे गेलं की ६ मार्च. तर ८ मार्चच्या संध्याकाळी फाल्गुनातली कोवळी कोर, रात्री नऊच्या आसपास मावळलेली. पुढची सगळी रात्र काळोख.

मग मी वर्गातल्यासारखं केलं. अंधाऱ्या रात्रीची शक्यता गुणिले इंत्रूजची शक्यता. वर्षात इंत्रूजच्या रात्री चार, अंधाऱ्या रात्री महिन्याला सात-आठ, तेव्हा दोन्ही एकत्र येणं म्हणजे वर्षाकाठी जेमतेम एक रात्र. फळ्यावर लिहिलं: 'नशीब.'

साखळीची मागून म्हणाली, "नाही सर. इंत्रूजला चांदणं नसतंच."

"कसं काय?"

"आमच्याकडे हरवळ्याला रुद्रेश्वराची शिवरात्र होते. बहुतेक वर्षी शिवरात्र झाली की दोन-चार दिवसांत पणजीला इंत्रूज. शिवरात्र अमावास्येच्या आदल्या रात्री. मग चांदणं कुठून येणार?"

मी फळ्याकडे बघत राहिलो. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. त्याच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार, म्हणजे त्या पौर्णिमेच्या ४० ते ४६ दिवस आधी. पौर्णिमेच्या दीड महिना आधी, म्हणजे ४४ दिवस आधी, अमावास्या असते. तेव्हा इंत्रूजचा मंगळवार दर वर्षी अमावास्येच्या दोन दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंतच पडतो, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. (कधी कधी ईस्टरची पौर्णिमा एक महिना आधीची असते, तेव्हा शिवरात्र मागे राहते, पण अंधार तोच.) दोन घटना स्वतंत्र नाहीतच. एकाच चंद्राला बांधलेल्या आहेत. आयुष्यभर गोव्यात इंत्रूज बघितला आणि मान वर करून आकाश बघितलं नाही.

फळ्यावरचं 'नशीब' पुसलं. छाप्याची योजना करणाऱ्यांना हे गणित ठाऊक असो वा नसो, उत्सवाची रात्र धरली की काळोख पदरात पडतोच. प्रोग्राममध्ये या दोन्हींचा गुणाकार काढून एकच 'रात्र' घातली.

१७ ऑगस्ट

वाळपईच्याचा हट्ट: ब्रिटिशांचंच का, आपल्या सत्तरीच्या राणे घराण्याचं बंड घ्या. दीपाजी राणे २६ जानेवारी १८५२ला नाणूसचा किल्ला घेऊन उठले आणि सत्तरीच्या रानात पोर्तुगीजांना तीन वर्षांहून जास्त झुंजवत राहिले. गनिमी कावा म्हणतात तो हाच. सुट्टीत नाणूसला गेलो. म्हादईला लाल पाणी, किल्ल्यावर झाडी, जळवा.

लँचेस्टरची समीकरणं आहेत, पहिल्या महायुद्धाच्या काळातली: समोरासमोरच्या लढाईत संख्येचा वर्ग कामाला येतो. डाइचमन यांनी १९६२ साली त्यात गनिमी लढाई घातली. दबा धरून बसलेला माणूस समोरच्यावर नेम धरून झाडतो. समोरचा रानात अंदाजे झाडतो, त्याची गोळी लागणं हे रानात किती माणसं दडली आहेत त्यावर अवलंबून. म्हणून थोडे लोक पुष्कळांना पुरून उरतात. समीकरण अर्ध्या तासात सुटलं. मग दोन सहगुणक बदलून बघितले. राणे जिंकले. पुन्हा बदलले, पोर्तुगीज जिंकले. आम्हाला हवं ते सगळं ते समीकरण म्हणत होतं, आणि सहगुणक ठरवायला सत्तरीतल्या चकमकींचे आकडेच हाताशी नाहीत. शिवाय बंडं नुसत्या गोळ्यांनी मिटत नाहीत, मध्ये तडजोडी होतात, त्यांना समीकरणात चौकटच नाही. काम सोडलं. वाळपईचा दोन दिवस बोलला नाही.

चवथ

गणपतीचे दिवस, तीन आठवडे काही नाही. माटोळी, पाहुणे, मग सर्दी. लॅपटॉप पाटाखाली गेला होता तो बायकोने शोधून दिला.

१४ सप्टेंबर

शेवटची मोठी दुरुस्ती. आम्ही प्रत्येक टप्प्याचा वेळ सुटा काढत होतो. एका टप्प्यात उशीर झाला तरी दुसऱ्यात नशीब उजळायचं, आणि बेरीज मध्यावर यायची. खऱ्या छाप्यात असं होत नाही. रखवालदार लवकर जागा झाला तर शिडीवर गोळ्या येतात, माणसं थबकतात, खोली शोधायला दिवा लावता येत नाही. एक बिघडलं की सगळं बिघडतं. सगळ्या टप्प्यांना एक सामायिक फासा जोडला: वाईट रात्र किंवा चांगली रात्र. सरासरी फारशी हलली नाही, 'अ' ५५ च्या आसपास. पण पसारा बदलला. आधी बहुतेक निकाल मध्ये गोळा होत, आता दोन ढीग पडले: एक सहज जमलेल्या रात्रींचा, एक पार फसलेल्या रात्रींचा. अधलं-मधलं थोडंच.

हे अमेरिकन नौदलाच्या विल्यम मॅक्रेव्हन यांच्या आलेखाशी जुळतं. १९९३ साली माँटेरीच्या नौदल महाविद्यालयात त्यांनी प्रबंध लिहिला, आठ छापे घेऊन. (२०११ साली ओसामाला मारणाऱ्या मोहिमेची सूत्रं त्यांच्याच हाती होती.) त्यांचं म्हणणं, छाप्यात एक क्षण येतो जिथे थोडक्या लोकांचं पारडं जड होतं. त्या क्षणापर्यंत जितका वेळ जातो तितका धोका. तो आलेख आम्ही आमच्या आकड्यांवर काढला, मुरगावच्या बाबतीत तो क्षण शिडीच्या वरच्या टोकाला येतो, वायरलेसच्या दाराशी नाही.

माझी तक्रार त्यांच्या आठ निवडींबद्दल. जवळपास सगळे साधलेले छापे. मधल्या वाटेत बुडालेले, रद्द झालेले, कुणाला कळलेच नाहीत ते यादीत नसतात. महायुद्धात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्डने परत आलेल्या विमानांवरची गोळ्यांची भोकं बघून हेच सांगितलं होतं: न परतलेल्यांना भोकं कुठे पडली ते विचारा. आठांत १९७०चा सोन तायचा छापा आहे तो मुलांना फार आवडला. अमेरिकन उत्तर व्हिएतनाममधल्या तुरुंगावर उतरले, काम चोख केलं, आणि कोठड्या रिकाम्या. कैद्यांना जुलैमध्येच दुसरीकडे हलवलं होतं, छापा नोव्हेंबरात. आमच्या प्रोग्रामच्या 'अ'मध्ये तो कुठे बसवायचा यावर वास्कोची आणि वाळपईचा तासभर भांडले. तो बोलायला लागला, हे बरं झालं.

कुठला आकडा हलवला की निकाल सगळ्यात जास्त हलतो तेही काढलं. पहिला: त्या रात्री जहाजावर जागी माणसं किती. दुसरा: संशयापासून गाळणीच्या झाकणापर्यंतचा वेळ. छापेकऱ्यांची संख्या तळाला.

२१ सप्टेंबर

बाजूला ठेवलेलं 'इ'. छाप्यानंतर हिंदी महासागरात पाणबुड्यांचे बळी एकदम घटले, असं या घटनेवरच्या लोकप्रिय लिखाणात येतं. साखळीच्या पोरीने ९ मार्चच्या आधीचे आणि नंतरचे दिवस घेऊन चाचणी लावली, फरक 'लक्षणीय' आला, तिने लाल शाईने चौकट केली.

ती चौकट खोडायला लागली. प्रत्येक बुडालेलं जहाज स्वतंत्र घटना म्हणून मोजलं होतं, पण एकच पाणबुडी ओळीने तीन-चार बुडवते. पाणबुड्या मोजक्या, त्या इंधन-टॉर्पेडो संपले की परत फिरतात, मग आकडा तसाही पडतो. शिवाय लोक छाप्याची आठवण काढतात ती आधी बळी वाढले होते म्हणूनच, आणि वाढलेलं काही ना काही कारणाने खाली येतंच. तिकडे मे १९४३ मध्ये जर्मनांच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या बुडाल्या, बहुतेक अटलांटिकमध्ये, त्याचा मुरगावशी काय संबंध? 'इ'चा रकाना रिकामा ठेवला. तिला वाईट वाटलं. मलाही, चौकट छान होती.

५ ऑक्टोबर

कॉलेजात सादरीकरण. वीस मिनिटं, त्यात शिडीचा व्हिडिओ सगळ्यात गाजला.

प्रश्नोत्तरांत एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, "मोहन रानडे तुमच्या कोष्टकात कुठे?" गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे रानडे, मराठी शिकवायला म्हणून गोव्यात आले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या छाप्यात गोळी लागून पकडले गेले. गोवा १९६१ला मुक्त झाला, ते मात्र लिस्बनच्या तुरुंगातून १९६९ला सुटले. वाळपईचा उभा राहिला आणि म्हणाला, 'अ' धरलं तर अपयश, पण ठाणं घेऊन बसायला ते गेलेच नव्हते, तेव्हा मोजायचं काय हे आधी त्यांच्याकडूनच घ्यावं लागेल. मी काही बोललो नाही. त्याला पूर्ण गुण दिले.

हिशेब: पेट्रोल सगळं मिळून २,३००. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयातल्या झेरॉक्स ३४०. तात्यांना बिबिंका ६००, ती त्यांनी मधुमेहामुळे शेजारी वाटली. वेळ: सोळा आठवडे, त्यातले सहा चुकांत, तीन चवथीत.

राहिलेलं: तात्यांचं म्हणणं, झाकणाचे बोल्ट गंजले असते तर काय ते चालवून बघा, मुरगावच्या खाऱ्या हवेत साडेतीन वर्षांत गंजणारच. ते अजून चालवलेलं नाही. शिडी परत केली, मोडलेल्या पायरीचे दीडशे पाडेलीने अनामतीतून कापले.